एक ठोका पुढे, दोन मागे

चर्चमधला ऑर्गन खोलीएवढा, शेकडो नळ्यांचा; त्याच्या पोटात शिरायला कमरेएवढं एक दार आहे. त्याला आतून कडी नाही, बाहेरून पितळी आकडा आहे. दार नुसतं लोटून ठेवलं तर खालचे सूर वाजताना ते थरथरतं आणि भुणभुण करतं. म्हणून माणूस आत शिरला की त्याच्यामागे आकडा लावायचा, ही आमच्या घरची पद्धत. नळ्यांचे सूर लावायला आत शिरणारे म्हणजे माझे बाबा. बाहेर बसून पट्ट्या दाबणारे आणि आकडा लावणारे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका. एकतीस वर्षं हे असंच चाललं.

नळी वाजत असताना आतून ओरडलं तरी बाहेर काही ऐकू येत नाही. म्हणून ठोके. लाकडी खांबावर एक ठोका: ही नळी जुळली, पुढची पट्टी दाब. दोन ठोके: काहीतरी बिनसलंय, मागची पुन्हा दाब. तीन ठोके: संपलं, बाहेर येतोय, दार उघड. मी चार वर्षांची असल्यापासून मला ही भाषा येते. जेवताना ताटाशेजारी एक ठोका मारला की आई न बोलता आणखी वाढायची.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते ऑर्गनच्या आतच गेले, सकाळी साडेअकराला, हृदय बंद पडून. त्यानंतर कोणी ऑर्गन वाजवला नाही आणि काकांनी पट्टीला बोट लावलं नाही.

मग चर्चमध्ये ऑर्गन आणि तंतुवाद्यांची मैफल ठरली. आठवडाभर आधी फादर स्वतः आमच्या घरी आले. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. "चर्चच्या समितीतल्या अर्ध्या लोकांना ऑर्गन काढून तिथे खुर्च्या मांडायच्या आहेत," ते म्हणाले. "शनिवारी सुरात वाजला तर राहील. बेसूर झाला तर सोमवारी सुतार येतोय, मला थांबवता येणार नाही."

"मी लावते," मी म्हटलं. भौतिकशास्त्रातली पदवी माझ्याकडे होती, कान बाबांनी तयार केलेला होता, आणि सूर मोजायचं अ‍ॅप फोनमध्ये होतं. नव्हता तो फक्त पट्ट्या दाबणारा माणूस.

काकांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "दाबून देईन. आत मात्र डोकावणार नाही."

शनिवारी सकाळी नऊला आम्ही चर्चमध्ये पोचलो. थर्मामीटर मी खिशातच ठेवते. यावरून काका मला मोजपट्टी म्हणतात. आत चौदा अंश होते. हीटर बंद होते. ते घरघरतात म्हणून मैफलीतही बंदच राहणार होते, तेव्हा संध्याकाळीही साधारण हेच तापमान असेल असं मी धरलं.

काम तसं फार नव्हतं. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या म्हणजे मोठ्या शिट्ट्या. त्या बाबांनी लावलेल्या होत्या आणि सहसा बिघडत नाहीत. ट्रम्पेटच्या, म्हणजे तुतारीसारख्या आवाजाच्या, रांगेतल्या छप्पन नळ्यांना मात्र पितळी जीभ असते, आणि तीच आधी उतरते किंवा चढते. काकांनी शिट्टी आणि ट्रम्पेट एकत्र वाजवायची, मी आत बसून जिभेवरची तार बोथट सुरीने हळूहळू ठोकायची. दोन सुरांत फरक असला की आवाज हेलकावे खातो. फरक कमी होत गेला की हेलकावे मंदावतात, आणि सूर मिळाला की थांबतात. ज्या सुरावर व्हायोलिनं लावतात तो शिट्टीच्या नळीवर चारशे चौतीस हर्ट्झ भरला, हवा होता चारशे चाळीस. दोन वर्षांत उतरला असेल, असं मनात नोंदवून मी ट्रम्पेट त्यालाच जुळवायला घेतली.

पहिली नळी जुळली. मी एक ठोका मारला. पुढचा सूर आला. तोही जुळला, मी ठोका मारला, आणि पहिलाच सूर पुन्हा वाजला.

"काका, मागे का गेलात?" सूर थांबल्यावर मी फटीतून विचारलं.

"तूच मागे पाठवलंस."

"मी एकच मारला."

"एक मारलास, मग श्वास घेण्याइतकी थांबलीस आणि दोन मारलेस. बापाची सवय. मन भरत नाही तुमचं."

पहिल्या दहा नळ्यांत असं सात वेळा झालं. मी प्रतिध्वनी असेल असं धरून पाहिलं. पण समोरची भिंत वीस मीटरवर आहे, प्रतिध्वनी सेकंदाच्या आठव्या भागात परत येईल. त्यात कोणी श्वास घेत नाही. शिवाय एका ठोक्याचे दोन होऊन येत नाहीत.

मी काकांकडून दार उघडून घेतलं, ठोकायची सुरी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "आता माझ्याकडे काहीच नाही. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसते. तुम्ही जुळलेल्या नळीची पट्टी दाबा आणि ऐका."

"हे कशाला?"

"मोजायला."

त्यांनी आकडा लावला. सूर आला, स्वच्छ, एकही हेलकावा नाही. मी मनात अंक मोजत होते. नऊवर असताना पायाखालच्या फळीतून दोन ठोके आले. कोरडे, बोटाच्या पेराने मारल्यासारखे. ते माझ्या बाजूने आले नव्हते. मोठ्या लाकडी नळ्यांच्या मागे एक अरुंद फळी आहे, बाबा तिच्यावर बसायचे, तिथून आले होते. मी मान वळवली नाही. बाहेर काकांनी पट्टी सोडली आणि मागची दाबली. त्यांना सांगावं लागलं नाही, बोटांना ठाऊक होतं.

"काका, दार उघडा," सूर थांबल्यावर मी म्हटलं. तीन ठोके मारायला हात धजला नाही.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. काकांनी सुरी माझ्या मांडीवर ठेवली आणि ती तिथेच आहे ना, असं एकदा बघून घेतलं.

"लाकूड आहे," मी म्हटलं. "थंडीत आकसतं. कडकड आवाज होतात."

"लाकूड दोनपर्यंत मोजतं का, मोजपट्टी?"

काका पट्ट्यांवरची धूळ बाहीने पुसत राहिले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात कोणालाच सांगितली नव्हती.

"आमची एक थट्टा होती. दादाने तीन ठोके मारले की मी लगेच उघडायचो नाही. बाहेरून म्हणायचो, तिकीट दाखवा. तो आतून म्हणायचा, पास आहे. मग मी उघडायचो. एकतीस वर्षं हेच, आणि दर वेळी हसायचो, दोघंही बिनडोक. त्या दिवशीही तीन ठोके आले. मी म्हटलं, तिकीट दाखवा. आतून उत्तर नाही. मला वाटलं, रुसलाय. सकाळी निघताना मी त्याला म्हातारा म्हटलं होतं ना, त्यावरून. म्हटलं, बसू दे जरा. मी पान खाऊन आल्यासारखा निवांत बसलो इथे. पाच मिनिटांनी आकडा काढला."

"डॉक्टर म्हणाले होते की एका मिनिटातच सगळं—"

"डॉक्टर तिथे नव्हते. मी होतो." ते पट्ट्यांकडेच बघत होते. "तू म्हण लाकूड. पण तो उगाच कोणाला मागे पाठवायचा नाही. बिनसलेलं असल्याशिवाय दोन ठोके नाहीत. काय बिनसलंय ते बघ आधी."

दार उघडंच होतं. खिडकीतला उजेड तिरपा होऊन दाराच्या आतल्या अंगावर पडला होता, आणि तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. मी इतक्या वेळा आत-बाहेर केलं, पण आत गेल्यावर दार अंधारात असतं. बाबांचं अक्षर, बारीक आणि उभं: 'माणसं धरून २२'.

मी ते दोनदा वाचलं आणि कानशिलं गरम झाली. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. दोनशे माणसं म्हणजे वीस किलोवॅटची शेगडी. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे, मी स्वतः शिकवणीत मुलांना घातलेलं. बंद दालनात ती शेगडी तासभर जळली की चौदाचे बावीस होणार. हवा तापली की शिट्टीच्या नळ्या चढतात; चारशे चौतीस बरोबर चारशे चाळिसावर जातात. ट्रम्पेटची पितळी जीभ मात्र जवळपास आहे तिथेच राहते. म्हणजे बाबांच्या नळ्या उतरलेल्या नव्हत्याच. मीच थंडीत ट्रम्पेट खाली ओढत होते. संध्याकाळी शेवटच्या रचनेत दोन्ही रांगा एकत्र वाजल्या असत्या तेव्हा सेकंदाला सहा हेलकावे पडले असते, भरल्या चर्चमध्ये.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"मी माणसं धरायची विसरले."

"पदवीला होतीस तिथे माणसं नव्हती काय?" ते म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच थोडे हसले.

दुपारी आम्ही सगळे हीटर लावले. अडीचला बावीस अंश झाले. हीटर बंद करून मी पुन्हा आत गेले आणि पहिल्या नळीपासून सुरुवात केली. छप्पन नळ्या, छप्पन ठोके. काका एकदाही मागे गेले नाहीत. खरंतर मला हायसं वाटायला हवं होतं. पण शेवटच्या वीस-पंचवीस नळ्यांच्या वेळी असं होऊ लागलं की सूर जुळला आहे हे मला कळायच्या किंचित आधी पाठीमागची फळी करकरायची, जसं कोणी ऐकायला पुढे वाकावं. मी मागे बघितलं नाही. काम संपल्यावर हाक मारून बाहेर आले. काकांनी आकडा लावला आणि तो नीट बसला आहे ना, हे ओढून बघितलं.

पाचला चर्च भरलं. ऑर्गन वाजवणारे गृहस्थ एरवी औषधांचं दुकान चालवतात. ते नळ्यांच्या रांगा निवडायच्या खुंट्यांना नेहमी 'डोस' म्हणतात. खुंट्या ओढायला त्यांच्या उजवीकडे काका उभे होते. मी त्यांच्या मागे स्टुलावर, दारापासून हातभर अंतरावर, थर्मामीटर चिमटीत धरून. सुरुवातीला अठरा होते. व्हायोलिनवाले, चेलोवाले ऑर्गनवरून सूर लावून बसले. हळूहळू पारा चढत गेला. मध्यंतरानंतर त्यांनी पुन्हा सूर लावले, तेव्हा मी फोनवर पाहिलं: चारशे चाळीस.

शेवटची रचना लांब होती. बराच वेळ तंतुवाद्यंच एकमेकांशी हळू बोलल्यासारखी वाजत राहिली. बावीस अंश. दुकानदारांनी मान हलवली आणि पुटपुटले, "मोठा डोस." काकांनी ट्रम्पेटची खुंटी ओढली.

मी हेलकावे शोधत होते. मी श्वास धरून शोधत होते. एकही नव्हता. दोन रांगा एका घशातून आल्यासारख्या उभ्या राहिल्या, त्यावर व्हायोलिनं चढली, आणि माझ्या स्टुलाचे पाय त्या सुरात गुणगुणू लागले. पहिल्या रांगेत फादर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या शेजारी, खुर्च्या मांडायच्या म्हणणारे समितीचे सदस्य तोंड किंचित उघडं ठेवून वर बघत होते.

शेवटचा सूर सुटला. मोठ्या दालनात तो विरायला अडीच सेकंद लागतात. नंतरच्या शांततेत, टाळ्या सुरू व्हायच्या आधी, दाराच्या आतून तीन ठोके आले.

ते मोठे नव्हते. चेलोवाल्याने स्वतःच्या गजाकडे पाहिलं, समोरच्या एक-दोन माणसांनी पायांखाली. बाकी कोणाला काही कळलं नाही. दुकानदार रुमालाने चष्मा पुसत होते.

काका वळले होते. त्यांना दारापर्यंत दोन पावलं होती, ती त्यांनी अशी टाकली की मला स्टूल सरकवायलाही वेळ मिळाला नाही. ते गुडघ्यावर बसले आणि आकडा काढला.

"तिकीट राहू दे, दादा," ते म्हणाले.

दार उघडलं. आतून थंड हवा आली. माझ्या चिमटीतला पारा बावीसवरून चौदावर आला. तो इतक्या झटकन उतरत नाही, हे मला माहीत आहे. काकांनी उजवा हात आत घातला, तळवा वर. बाबांचा डावा गुडघा वाकत नसे, त्यांना बाहेर यायला हा हात लागायचा.

मी तो हात बघत होते. आधी तो नुसता हवेत होता, म्हाताऱ्या माणसाचा, किंचित कापणारा. मग कापायचा थांबला. कोपर खाली गेलं, खांदा झुकला, मनगटावरच्या शिरा ताणल्या. वजन आल्याशिवाय हात असा होत नाही. काकांनी दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरली आणि जोर लावून, हळूहळू, मागे सरकत, ते उठून उभे राहिले.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. फादर गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुताराला आजच फोन करून नको म्हणून सांगतो."

काकांनी मान हलवली. ते बाजूच्या बाकावर बसले, अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. आकडा त्यांनी परत लावला नाही.