कुणाचाच विरोध नसलेला विद्वान

विभागात मला 'उशी' म्हणतात. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये ठेवायला बरी, म्हणून. त्यामुळे राज्यशास्त्रातल्या उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार मला जाहीर झाला, तेव्हा विभागप्रमुखांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मी मात्र हवेत होतो. ज्या ग्रंथापायी डोक्यावरचे केस गेले, त्याला अखेर वाचक मिळाले होते, आणि तेही जाणते.

ग्रंथाचा विषय असा: दोन बलाढ्य गटांच्या भांडणात तिसराच निरुपद्रवी माणूस खुर्चीवर कसा जाऊन बसतो. देशोदेशीची उदाहरणं, तक्ते, पानभर तळटीपा. खप किती झाला ते विचारू नका.

समारंभाच्या आधी चहाच्या टेबलापाशी मी निवड समितीच्या अध्यक्षांना गाठलं. न राहवून विचारलंच, "सर, कोणतं प्रकरण आवडलं?"

"सगळंच छान आहे हो," ते बिस्कीट बुडवत म्हणाले. "खरं सांगू का? अर्धी समिती तुमच्या विभागातल्या मॅडमना पुरस्कार द्या म्हणणारी, अर्धी त्यांच्या हाडवैऱ्याला. कुणी मागे हटायला तयार नाही. शेवटी कुणीतरी तुमचं नाव काढलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुम्हाला कुणाचाच विरोध नव्हता!"

माझं तिसरं प्रकरण जसंच्या तसं माझ्यावरच घडलं होतं, आणि ते घडवणाऱ्यांपैकी एकानेही वाचलेलं नव्हतं.

बायकोला व्हरांड्यात ओढून नेलं. "मी नाही घेणार. स्टेजवरूनच सांगतो, आधी ग्रंथ वाचा, मग बोलवा." बोलताना मला खरंच रडू येत होतं.

प्रूफं तपासून तपासून तिला हा ग्रंथ माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. "अहो, तुमच्या त्या तिसऱ्या माणसांपैकी एकाने तरी खुर्ची नाकारली का?"

"नाही."

"का बरं?"

"बसल्या बसल्या त्यांना वाटायला लागतं, लोकांनी आपली लायकी ओळखली."

"मग तुम्ही पहिले व्हा. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवीन." तिने माझी कॉलर सरळ केली.

नकाराचं वाक्य घोकत मी स्टेजवर चढलो. पहिल्या रांगेच्या एका टोकाला मॅडम, दुसऱ्या टोकाला त्यांचे वैरी. दोघंही माझ्याकडे बघून सारख्याच मायेने हसत होते. मानपत्र हातात आलं, टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मी माइकपुढे घसा खाकरला.

"समितीने माझं काम इतक्या बारकाईने वाचलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे."

आणि सांगायला लाज वाटते, पण बोलताना त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बायको तेवढी हाताची घडी घालून बसली होती.