राखणीची गाढवीण

मी एक म्हातारी गाढवीण आहे. हसलात ना? हसा. माझ्या जातीच्या नावाने तुम्ही एकमेकांना शिव्या देता, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, या खुरांनी मी नऊ कोयोटी मारले आहेत. आणि एक असा जीवही मारला आहे, जो मारायला नको होता.

माझा जन्म नेव्हाडाच्या वाळवंटात झाला. सरकारी माणसांनी आमचा रानटी कळप पकडला आणि मी ट्रकमधून टेक्सासात विल्मा क्रेन्ट्सच्या कुरणावर आले. विल्मा एकटीच राहायची. तिच्याकडे तीनशे अंगोरा शेळ्या होत्या. लांब, कुरळ्या, रेशमासारख्या केसांच्या. वर्षातून दोनदा त्यांची कातरणी होई. मी येण्याच्या जरा आधी, मार्चमध्ये, शेळ्या व्याल्या होत्या आणि कोयोटींनी आठवड्याभरात अकरा करडं फाडली होती. कोयोटी म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ, लबाडीत मात्र थोरला.

आम्हा गाढवांना कुत्र्याच्या जातीचा जन्मजात राग. म्हणून तिकडे शेळ्यांत गाढव ठेवतात, तेही एकच. दोन असली की ती एकमेकांत रमतात आणि शेळ्या वाऱ्यावर.

शेजारचा डॅरेल कुंपणावर रेलून म्हणाला, "विल्मा, शेळ्या राखायला गाढव? मग अंडी उबवायला काय, डुक्कर आणणार?"

"तू रिकामाच आहेस की," विल्मा म्हणाली. "तुलाच बसवते."

मी आल्यावर चौथ्याच सकाळी एका कोयोटीने करडाची मान धरली. मी धावले. त्याच्या मानगुटीत दात रोवले, त्याला झिंजाडलं, खाली आपटलं आणि हाडं मोडल्याचा आवाज थांबेपर्यंत तुडवलं. माझे पाय गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. विल्माने माझ्या गळ्यात हात टाकले आणि कलिंगडाची मोठी फोड खाऊ घातली. लोक मला बघायला येऊ लागले. मारलं की कौतुक होतं, एवढंच मी शिकले.

सात वर्षांनी विल्माचा थोरला भाऊ अर्विन राहायला आला. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा डावा हात लुळा पडला होता. सोबत त्याचा म्हातारा कुत्रा होता, टिप. विल्माने पहिल्याच दिवशी बजावलं, "टिपला कुरणात सोडू नकोस. ती त्याला जिवंत ठेवायची नाही."

"एवढंसं गाढव!" अर्विन हसला.

एका दुपारी फाटक उघडं राहिलं. टिप शेपटी हलवत शेळ्यांत शिरला. मला शेपटी दिसलीच नाही. कुत्र्याचा वास आला आणि करडं ओरडली. पहिल्याच लाथेला तो कोलमडला. अर्विन काठी घेऊन मध्ये पडला, माझ्या डोळ्यावर काठी बसली. मी मागच्या पायांनी त्यालाही लाथाडलं. त्याच्या बरगड्या मोडल्या. मग मी पुन्हा टिपकडे वळले. मी थांबले तेव्हा तो हलत नव्हता.

विल्मा बंदूक घेऊन धावत आली. नळी माझ्या कपाळासमोर धरली.

"घाल गोळी तिला!" जमिनीवरून अर्विन ओरडला.

"फाटक कोणी उघडं टाकलं?"

"आधी गोळी घाल, मग विचार!"

"नाही. आधी सांग, अर्विन."

तो कण्हत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच. कडी लागेना एका हाताने."

"मग मला हाक मारायचीस ना!"

"दर कडीला तुला हाक मारू, विल्मे? माणूस आहे मी अजून."

बंदूक खाली आली. विल्मा त्याच्याजवळ मातीत बसली आणि त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. मी मात्र तिथेच उभी होते, शाबासकीची वाट बघत. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे कितीतरी महिने विल्मा टाकीत पाणी सोडायची आणि न बोलता निघून जायची. काठी लागलेला माझा डोळा कायमचा गेला.

मग वसंतात अर्विन कुंपणापाशी आला. धड असलेल्या हाताने त्याने कुत्र्याचं एक पिल्लू छातीशी धरलं होतं.

"हुंग," तो म्हणाला. "हा आपला आहे."

मी कान मागे पाडले, दात दाखवले. तो दचकला, पण गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही. तब्बल महिनाभर कुंपणाच्या तारेतून तो पिल्लाचं अंग माझ्या नाकाला लावत होता. ज्याचा सोबती मी तुडवला, तोच माणूस.

मित्रांनो, राखणीला ठेवलेल्या जीवाला नुसतं मारायला शिकवू नका. आपलं कोण, हेही त्याला दाखवा, आणि ते आधी दाखवा.

एका सकाळी अर्विनने फाटक उघडलं आणि पिल्लू आत सोडलं. ते धडपडत थेट माझ्या पोटाखाली शिरलं. माझं सगळं अंग ताठ झालं.

मी पाय उचलला नाही.