तांबडीचा डावा खांदा

चैत्र पेटला होता. सह्याद्रीच्या उघड्या पाठीवर ऊन असे ओघळत होते, जणू कोणी वितळलेले पितळ ओतत यावे आणि दरीच्या काठाशी हात आखडावा. पांगाऱ्याला पान नव्हते, नुसते रक्त होते. करवंदीच्या जाळ्या धुळीने पांढऱ्या, वारा तापलेला, आकाश ताठ. आणि त्या ताठ आकाशाखाली, घाटमाथ्यावरच्या खिंडवाडीत, आकाशाहून ताठ एक बाई लोखंडी स्टुलावर बसली होती.

आक्कासाहेब इंगवले. वय बहात्तर, लुगडे राखाडी, कपाळावर हिरवे गोंदण, आणि डोळ्यांत राग. राग तरी कसा, तर पिढीजात, मुरलेला, तीन वर्षांच्या लोणच्यासारखा झणझणीत. त्या रागावल्या की चुलीवरचे उतू चाललेले दूध आपणहून खाली बसे, असे गावात सांगत. खोटे वाटले तर दुधाला विचारावे.

त्यांच्यासमोर, शिदूमिस्त्रीच्या पत्र्याखाली, उभी होती तांबडी.

तांबडी म्हणजे गाय नव्हे. तांबडी म्हणजे अमेरिकेहून बोटीने आलेली, डाव्या हाताला चाक असलेली, रक्तवर्णा, रुंदस्कंधा, सिंहकटी मोटार. आठ सिलिंडरांचे इंजिन तिच्या छातीत असे ठासून बसवलेले की आत डास शिरला तर त्याला वळायला जागा नाही, उलट्या पावलीच बाहेर यायचे. ती सुरू झाली की तीन गावांतल्या म्हशी अवेळी पान्हा सोडत आणि दरीपलीकडच्या देवळातली घंटा आपोआप वाजे. चव्वेचाळीस वर्षे आक्कासाहेबांनी तिला एकटीने हाकले. दर चैत्रात घाट उतरून समुद्रापर्यंत जायचे, पाण्यात पाय बुडवायचे आणि परत यायचे. सोबत कोणी नाही. कोणी विचारायचेही नाही.

पण गुडघा म्हातारा झाला, आणि तांबडीचा ब्रेक मात्र तरुणच राहिला. तरुण, अडेल, पाषाणहृदयी. फाल्गुनात घाटाच्या पहिल्याच वळणावर आक्कासाहेबांनी साऱ्या देहाचा भार पायावर टाकला, तरी गाडी थांबता थांबता मैलाच्या दगडाला चाटून गेली. दगड हलला. त्या हलल्या नाहीत. पण मुलाने, रणधीरने, त्याच संध्याकाळी किल्ली खिशात घातली आणि मऊ आवाजात सांगितले की आता ड्रायव्हर ठेवू, आईसाहेबांनी मागे बसावे.

मागे बसावे! समई देवापुढून उचलून अडगळीत ठेवावी, तसे मागे बसावे! तो मऊ आवाज त्यांच्या कानात काट्यासारखा रुतला. ओरडला असता तर त्यांनी माफ केले असते.

त्या दिवसापासून घरात शब्द नव्हता. भाकरी थापण्याचा आवाज होता, आणि तो थापण्याचा कमी, थप्पडीचा जास्त. शेवटी आठव्या दिवशी करार झाला. ब्रेक म्हाताऱ्या पायाला ऐकेल असा झाला, आणि गाडी उतारावर ठरल्या जागी थांबली, तर किल्ली आक्कासाहेबांची. नाही थांबली, तर कायमची रणधीरची.

खिंडवाडीत ब्रेकच्या कामाला शिदूमिस्त्रीशिवाय दुसरा हात नव्हता. घाट उतरणारा प्रत्येक ट्रक त्याच्या पत्र्याखाली ब्रेक दाखवून मगच दरीत पाऊल टाकी. त्याने पुण्याहून बूस्टर मागवला. परातीएवढा, वाटोळा, काळाकुळकुळीत लोखंडी डबा. इंजिनाचा श्वास ओढून घ्यायचा आणि तो पायाच्या जोराला जोडायचा, हे त्याचे काम. म्हातारीने बोट टेकवावे आणि पहिलवानाने ढकलावे, तसे. पण त्याची बसायची जागा पेडलच्या नेमकी पुढे, आणि तिथे तर तांबडीच्या इंजिनाचा डावा खांदा.

शिदूने चार दिवस कानशीने लोखंड झिजवले. डबा धरणारा कंस वाकडा केला, पत्रा आत ठोकला, बूस्टर तिरका केला. अखेर खांदा आणि डबा यांच्यामध्ये करंगळीभर फट राहिली. करंगळी आत घालून, फिरवून, बाहेर काढून त्याने ती आक्कासाहेबांना अशी दाखवली, जशी पराक्रमी वीराने तलवार दाखवावी.

आता खिंडवाडीची एक रीत होती. ब्रेकचे काम झाले की चाकापुढे नारळ फुटल्याशिवाय इंजिनाला आवाज द्यायचा नाही, आणि पहिली किल्ली फिरवायची ती मालकानेच. दरीच्या काठावर राहणाऱ्यांची रीत ती. आधी थांबणे, मग चालणे. आजवर तिने कोणाचे वाईट केले नव्हते.

नारळ फुटला. उदबत्तीचा निळा धूर वर गेला. आक्कासाहेब पदर खोचून चाकामागे बसल्या, रणधीरने पुढे केलेली किल्ली फिरवली, आणि तांबडी जागी झाली. आधी घुमली, मग गुरगुरली. पत्रा थरथरला, कावळे उडाले. आक्कासाहेबांच्या ओठांवर चार आठवड्यांनी हसू आले, आणि त्यांनी वेगाच्या पेडलवर पाय दाबला.

तांबडीने डावा खांदा उडवला.

रबरावर टेकलेले ते अजस्र इंजिन जोर येताच डाव्या अंगाने वर उचलले गेले, आणि करंगळीभर फट क्षणात गिळून बूस्टरवर आदळले. एक घण. दुसरा घण. तिसऱ्याला डबा चेपला, नळी फाटली, आणि ब्रेकचे तेल टपटप, टपटप, फुटलेल्या नारळाच्या पांढऱ्या वाटीत पडू लागले.

रणधीर तिथेच होता. तो हसला नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. तो फक्त त्याच मऊ आवाजात म्हणाला, "आईसाहेब, पुरे आता."

आणि तेव्हा आक्कासाहेब उतरल्या. त्या उतरल्या तेव्हा ऊनसुद्धा दोन पावले मागे सरकले म्हणतात. राग पायातून चढला, दुखऱ्या गुडघ्यातून चढला, चव्वेचाळीस चैत्रांतून चढला. पोरावर राग, लोखंडावर राग, नारळावर राग, आणि सर्वांहून मोठा राग त्या गुडघ्यावर, जो त्यांचाच असून त्यांना विचारीत नव्हता.

"शिदू, नारळ देवाचा. माप कुणाचं घेतलंस?"

शिदूने फाटलेली नळी हातात घेतली.

"झोपलेल्या बैलाची मान मोजून जू करतात होय रे? ओढताना तो केवढा फुगतो, ते कोण बघणार? तुझा बाप?"

शिदूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यालाही राग आला होता, पण स्वतःच्या करंगळीवर. तो पुटपुटला की चूक कबूल, पण त्या खांद्यापाशी दुसरी जागाच नाही. देवाने ठेवली नाही, अमेरिकेने ठेवली नाही, मी कुठून आणू?

"मग तिथंच कशाला कोंबतोस? माजघरात जागा नसली तर जावयाची पथारी ओसरीवर पडते. नातं काय तुटतं त्यानं?"

बोलून त्या स्टुलावर जाऊन बसल्या, पाठ फिरवून. आणि शिदूची नजर हळूहळू, पत्र्यापलीकडच्या बाभळीखाली, वीस वर्षे गंजत पडलेल्या एका जीपकडे गेली.

त्या जीपचा बूस्टर पेडलपाशी नव्हताच. तो दूर, सांगाड्याच्या पोटाशी, एकटा बसलेला होता. मध्ये फक्त एक बारीक नळी. ओसरीवरचा जावई.

तीन दिवस शिदू जेवला नाही असे त्याची बायको सांगते, पण तिने पाठवलेले डबे रिकामे येत होते. त्याने तो लहान बूस्टर सोडवला, गंज खरवडला, आतली रबरे नवी घातली, आणि तांबडीच्या डाव्या मडगार्डच्या पोटात, इंजिनापासून हातभर दूर, नेऊन बसवला. पेडलपासून तिथवर तांब्याची नळी अशी वळवली, जशी दागिन्याची तार. आणि मग बापजाद्यांची रीत मोडून, नारळ बाजूला ठेवून, त्याने आधी इंजिन सुरू केले. ते उसळत असताना, खांदा उडवत असताना, हात घालून फट मोजली. एकदा नव्हे, सोळा वेळा. सोळाव्या वेळी आक्कासाहेबांनी स्वतः हात घातला. धगीने मनगट भाजले. त्यांनी ते पदरात झाकले.

उन्हे कलली. दरीतून निळसर धुके वर येऊ लागले. पहिल्या वळणाच्या अलीकडे, उताराच्या ऐन मध्यावर, रणधीरने चुन्याची रेघ ओढली.

"रेघ कशाला?" आक्कासाहेब म्हणाल्या. "तू उभा राहा."

रणधीर आईकडे पाहत राहिला, मग चुन्याचा डबा खाली ठेवून रेघेवर जाऊन उभा राहिला. तोही इंगवलेच होता.

तांबडी निघाली. उताराने तिला ओढले, रागाने तिला ढकलले. वारा फाटला, धूळ उठली, रक्तवर्ण लोखंड दरीकडे झेपावले. काचेपलीकडे मुलगा वाढत गेला. आधी बाहुलीएवढा, मग पोराएवढा, मग पुरुषाएवढा. त्याचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांनी तो पाच वर्षांचा दिसत होता, ताप उतरण्याची वाट पाहणारा. आक्कासाहेबांचा राग मागे राहिला, आणि त्यांनी ब्रेकवर पाय टेकवला.

टेकवला, दाबला नाही. पेडल पायाखाली अलगद गेले, जसे ओल्या वाळूत पाऊल जावे. चारी चाके एकदम ऐकती झाली. तांबडीने नाक खाली केले, एक दीर्घ निःश्वास सोडला, आणि रणधीरच्या पोटापासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

आक्कासाहेबांनी काच खाली केली.

"डोळे उघड," त्या म्हणाल्या. "आणि बाजूला हो. समुद्राला ओहोटी लागेल."

रणधीर बाजूला झाला.

मग तांबडी घाटात उतरली. खाली कोकण जांभळे होत चालले होते, झाडे मावळत होती, रस्ता विरत होता. काठावर उभ्या माणसांना गाडी दिसेना, बाई दिसेना, केवळ वळणावळणाला दोन लाल दिवे दिसत. पेटत, क्षणभर थांबत, विझत. पुढच्या वळणाला पुन्हा पेटत, पुन्हा थांबत, पुन्हा विझत. खाली, आणखी खाली, आणखी खाली. कोणाला न विचारता.