बदकाच्या पिल्लाची पट्टी

रविवारी सकाळी आधी टेप, मग सूर, मग नाश्ता. हा क्रम कधी चुकला नाही. मापाचा टेप आईच्या गळ्यातच असायचा, कारण घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं आणि लोकांचे कपडे कमरेत घेण्यात आणि उंचीला सोडण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नावाआधी तिला त्याची कंबर कळायची. लेकीच्या बाबतीत मात्र तिचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नव्हता. लेकीला ती टेप लावायची, छातीला, कमरेला, मग जरा खाली, आणि आकडा न उच्चारता मान हलवायची. मान कशी हलली त्यावरून लेकीने काय ते समजायचं.

लेकीला सगळे टाचणी म्हणत. बारीक होती म्हणून नव्हे. नाव पडलं तेव्हा ती चांगली गुटगुटीत होती. आवाज टोचायचा म्हणून पडलं. नऊ वर्षांची असताना तिने एका कार्टूनमधल्या बदकाच्या पिल्लाचं गाणं गायलं आणि पिल्लू घराघरांत जाऊन बसलं. प्रत्येक भागात ते हरवायचं, भिजायचं, आपटायचं, आणि शेवटी गाणं म्हणायचं. गाण्याच्या शेवटी एक लांबलचक उंच सूर होता. इमारतीतली पोरं जिन्यात उभी राहून तो सूर लावून बघायची आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून शिव्या घालायचे.

याला पाच वर्षं झाली. पिल्लू अजून पिल्लूच होतं, त्याला वाढवायचं कार्टूनवाल्यांना काही कारण नव्हतं. टाचणी मात्र चौदाची झाली, आणि त्या वयात मुलींचं जे होतं ते तिचंही झालं. उंची वाढली, अंग भरलं, पाळी आली, जुने फ्रॉक दोन्ही बाजूंनी उसवून सोडले तरी पुरेनात. आणि शेवटच्या रेकॉर्डिंगला तो उंच सूर लागता लागता भुसभुशीत झाला. संगीतकार म्हणाले, "वरच्या सुरात हवा सुटतेय. बघू पुढच्या वेळी." चहा पिता पिता म्हणावं तसं म्हणाले. आईने ते तसं घेतलं नाही.

याचं कारण जुनं होतं. आईही लहानपणी गायची, आणि चांगली गायची. चौदाव्या वर्षी ती अंगाने सुटली आणि त्याच वर्षी तिचा आवाज गेला. तिच्या आईने घरच्या घरी निदान केलं की खाऊन खाऊन पोरीच्या गळ्यात चरबी बसली. त्या बाईंना डॉक्टर कुणी केलं होतं कोण जाणे, पण निदान घरात टिकलं. आई तेव्हापासून गायली नाही. मशीनवर बसल्या बसल्या साधं गुणगुणलीही नाही.

शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, वय आहे तिचं. आवाज फुटत असेल."

"आवाज मुलांचा फुटतो," आई म्हणाली. "मुलींचा कुठे फुटतो?"

मुलींच्या आवाजाचं काय होतं हे त्या इमारतीत कधी कुणी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

तेव्हा ठरलं. पिल्लाचा आता मोठा सिनेमा निघणार होता, त्यात त्याची चार गाणी होती, आणि तोवर टाचणीने वजनाने उतरायचं होतं. भात बंद, लोणी बंद, रात्रीचा पाव अर्धा. काकडी हवी तेवढी. आई मुळात दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. ती लेकीसमोर बसून तेवढंच खायची, आणि तेवढ्यावर दिवसभर मशीन चालवायची. आपलं गेलं ते हिचं जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि दुसरं काही शिरायला तिथे जागा नव्हती.

रविवारी मात्र भरपूर नाश्ता होता: दोन अंडी, लोणी लावलेला पाव, दूध. अट एकच. बाबा रियाजासाठी घेतलेल्या कीबोर्डवर गाण्याची शेवटची ओळ वाजवणार, आणि टाचणीचा तो सूर लागला तर नाश्ता. नाही लागला तर बिनसाखरेचा चहा. पहिले काही रविवार चहाच मिळाला.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचे आणि घरी आले की स्वतःच अडकल्यासारखे बसून राहायचे. घरातल्या भांडणात त्यांनी कधी बाजू घेतली नाही. त्यांना वाटायचं त्याने शांतता राहते. पण एका रविवारी टेप लावून घेताना टाचणीला घेरी आली आणि तिने आईचा खांदा धरला. ते बाबांनी पाहिलं. त्यांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं.

ते बटण दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर पडतात, पण आवाज अर्धा सूर खालचा निघतो. आईला फरक कळला नाही, ती तीस वर्षं गाण्यापासून लांब होती. टाचणीला पहिल्या सुरातच कळलं. सुराच्या बाबतीत तिला फसवणं म्हणजे आईला कापडाच्या बाबतीत फसवण्यासारखं होतं. तिने बाबांच्या मानेकडे पाहिलं. मान वळली नाही. मग ती श्वास घेऊन गायली, आणि तो सूर लागला.

आईचे डोळे भरून आले. तिने टाचणीच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतः अंडी फोडायला गेली. टाचणीने दोन्ही अंडी खाल्ली, पाव खाल्ला, ताटलीला लागलेलं लोणी बोटाने पुसून घेतलं. तिला लाज वाटली, पण ती खाऊन झाल्यावर.

सोमवारी संध्याकाळी आई म्हणाली, "बघितलंस? जशी उतरतेस तसा सूर येतोय. आता अजिबात ढिलाई नाही." आणि रात्रीचा अर्धा पावही बंद झाला.

आपण काय करून बसलो हे बाबांना तिथेच, जेवणाच्या टेबलाशी कळलं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते नुसतं पाणी प्यायले. आता खरं सांगायचं तर खोटेपणा कबूल करावा लागणार होता, आणि पुढच्या रविवारी बटण दाबलं नाही तर पोरीची अंडी जाणार होती. त्यांनी त्यातल्या त्यात सोपं ते निवडलं. पुढच्या रविवारी पुन्हा बटण दाबलं. काही आठवड्यांनी सूर पुन्हा डळमळायला लागला तेव्हा ते दोनदा दाबलं, आणि त्यानंतर तीनदा. दर वेळी आईची खात्री वाढली आणि दर वेळी टाचणीच्या ताटातलं काहीतरी कमी झालं. टाचणी आणि बाबा याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. एक रविवार पोटभर मिळत होता, तो कुणाला घालवायचा नव्हता.

भूक आधी पोटात असायची, मग डोक्यात, मग ती कुठेच नसायची. टाचणीला त्याचं बरं वाटलं असतं, पण बरं वाटणंही बंद झालं होतं. शाळेत पोरी हसल्या की ती थोड्या वेळाने हसायची, सगळ्या कशाला हसल्या ते बघून. बोटं गार पडायची. कंगव्यात केस यायचे, ते ती गुंडाळून टाकून द्यायची. जिन्यातलं मांजर गाडीखाली आलं. वर्षभर त्याला तीच दूध घालत होती. खालच्या मजल्यावरच्या पोरी हुंदके देऊन रडल्या, आणि ही त्यांच्यात उभी राहून आता घरी कधी जायचं याची वाट बघत होती. मला रडू का येत नाही, असं तिच्या मनात आलं. तोही तिला कुणा दुसऱ्याचाच प्रश्न वाटला.

मग पाळी बंद झाली. दोन महिन्यांनी आई म्हणाली, "बरंच झालं. अंग थांबलं की आवाजही जायचा थांबेल."

बाबा स्क्रू पिळत होते, ते थांबले. "डॉक्टरांना दाखवू या."

"रेकॉर्डिंग होऊ दे," आई म्हणाली. "मग दाखवू. मग काय हवं ते खाऊ दे तिला. मी कुठे नाही म्हणते?"

बाबांनी पुन्हा स्क्रू पिळायला घेतला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिघंही गेले. स्टुडिओत नेहमीसारखी थंडी होती, भिंतींना मळकट गादीसारखं कापड लावलेलं, काचेपलीकडे संगीतकार आणि रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसणारा पोरगेला माणूस. त्याने टाचणीला पाहिलं आणि हातातलं सँडविच खाली ठेवलं. संगीतकारही क्षणभर थांबले. "बरी आहेस ना गं?" त्यांनी विचारलं. टाचणी हो म्हणाली. कानांवर हेडफोन चढवताना तिला ते जड लागले.

संगीत सुरू झालं. ते खऱ्या पट्टीत होतं. टाचणीला हे माहीत होतं, कितीतरी दिवसांपासून माहीत होतं, आणि तरीही तिला भीती वाटली नाही. कुणीतरी दुसरी मुलगी उभी आहे आणि आपण तिच्या मागे उभ्या आहोत असं तिला वाटत होतं. खालच्या ओळी तिने बऱ्या म्हटल्या, मधे दोनदा श्वास तुटला. शेवटचा सूर आला. तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा हवाच आली.

"घरी येतो हा सूर," आई म्हणाली. ती काचेच्या पलीकडे, संगीतकारांच्या खुर्चीमागे उभी होती. "दर रविवारी येतो हो तिला. जरा घाबरलीय. हे वाजवतात ना घरी, विचारा यांना."

संगीतकार आत गेले, पियानोवर बसले आणि एक एक सूर खाली येत टाचणीला गायला लावलं. तिसऱ्या अर्ध्या सुराला आवाज लागला. बारीक होता, पण लागला.

"हिला इथे येतंय," ते म्हणाले. "तुमच्या घरचा कीबोर्ड एवढा खाली लावलाय कुणी?"

काचेपलीकडून बाबा म्हणाले, "मी लावलाय."

आईने वळून पाहिलं.

"बटण आहे त्याच्यावर," बाबा म्हणाले. "मी खाली घेत गेलो. पहिल्यापासून. सूर लागला की तू तिला खायला द्यायचीस."

आईने गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ती घाईत तो गळ्यात घेऊनच आली होती. "म्हणजे आला नव्हताच," ती हळूच म्हणाली. "एवढं सगळं करून."

संगीतकार पियानोवरून उठले नाहीत. "ताई, यातलं वैद्यकीय मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण या काचेमागे बसून मी बऱ्याच मुली मोठ्या होताना ऐकल्यात. मुलींचाही आवाज बदलतो. मुलांसारखा धाडकन नाही, पण खाली येतो, मधे वर्ष-दोन वर्षं त्यात हवा सुटते, आणि मग तो बसतो. हा बदल उपाशी ठेवून अडत नाही. हिच्यात तर आता फुंकर मारायची ताकद राहिलेली नाही."

"माझा गेला होता," आई म्हणाली. "चौदाव्या वर्षी. मी जाड झाले आणि गेला."

"नंतर परत गाऊन पाहिलंत?"

मशीनवरचा माणूस उगाचच एक वायर नीट करत होता.

पिल्लाची गाणी आता दुसरं कुणीतरी म्हणणार, हे संगीतकारांनी त्यानंतर सरळ सांगून टाकलं. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं. टाचणीने ऐकलं. पाच वर्षांचं पिल्लू गेलं, आणि तिला एवढंच वाटलं की आता हेडफोन काढता येतील. तिने ते काढून स्टँडवर अडकवले.

"तुझा कान तर एवढा तयार आहे," संगीतकार तिला म्हणाले. "घरी पट्टी खाली असायची, हे तुला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

टाचणीने बाबांकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. "भूक लागली होती," ती म्हणाली.

आई दार ढकलून आत आली. तिने टाचणीचे दंड धरले, आणि टेप न लावता तिला पहिल्यांदाच हाताला कळलं की तिथे धरायला काही उरलेलं नाही. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण ती रडली नाही. खाली वाकून तिने लेकीच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"आत्ता लागलीय का?" तिने विचारलं. "भूक लागलीय का, बाळा?"

टाचणीने खरोखर विचार केला. आई उत्तराची वाट बघतेय हे तिला दिसत होतं, आणि तिला खरं तेच सांगायचं होतं.

"कळत नाही," ती म्हणाली.