माझ्या डोक्यावरची लाल पट्टी

मित्रांनो, मी एक जुना, करड्या रंगाचा, दात लागलेला ठोकळा आहे. दात लागलेला म्हणजे अगदी खरोखर. माझ्या एका कोपऱ्यावर तीन खळगे आहेत आणि ते सहा वर्षांच्या एका मुलीच्या दुधाच्या दातांचे आहेत. ती हकीकत येईलच, पण आधी माझा जन्म.

मी मातीतला नाही की दगडातला नाही. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मी कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर येऊन पडलो, हुबेहूब माझ्यासारख्या कितीतरी भावंडांसोबत. डोक्यावर आठ गोल बटणे आणि पोट पोकळ. एकाची बटणे दुसऱ्याच्या पोटात गच्च बसतात. धरून ठेवणे, एवढी एकच विद्या आम्हाला येते, पण ती चोख येते.

आमचे खोके एका गवंड्याने आपल्या मुलीसाठी घरी आणले. खोक्यावर जुन्या काळच्या किल्ल्याचे चित्र होते. दोन बुरूज, उचलता पूल, चिलखतातले शिलेदार, उंच टोपीची चेटकीण आणि एक हिरवा ड्रॅगन. गवंडी मुलीशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसला. दिवसभर विटा रचून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा विटाच रचतो आहे, हे पाहून त्याची बायको पोट धरून हसली होती. त्याने माझ्या चार बटणांवर एक पातळ लाल पट्टी ठेवली आणि उजव्या अंगठ्याने दाबली. तो अंगठा मी जन्मात विसरणार नाही. सिमेंटने खरखरीत झालेला आणि लोखंडासारखा जड होता तो.

"एकदा बसवलं की हलता कामा नये," तो मुलीला म्हणाला.

आणि पट्टी हललीच नाही. मुलीने दुसऱ्या दिवशी नखे लावून पाहिली, चमच्याचा दांडा घालून पाहिला, शेवटी दात लावले. पट्टी तिथेच राहिली, पण मुलीचा पुढचा दात पडला. तसा तो आधीपासून हलतच होता. तरी घरभर रडारड झाली आणि खापर माझ्या डोक्यावर फुटले. माझी बाजू कोण ऐकणार?

पुढे मुलगी मोठी झाली आणि आमचे खोके कपाटावर गेले. त्यावर जुन्या चादरींचे बोचके बसले. वीसपंचवीस वर्षे आम्ही तिथे अंधारात होतो. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? पण राग आला म्हणून मी पट्टी सोडली नाही. काम सोडून रुसायची आमच्यात पद्धत नाही.

मग एका दुपारी झाकण उघडले. आत एक चेहरा डोकावला आणि मला वाटले, आली पुन्हा तीच दातवाली. पण ही तिची मुलगी होती, नऊ वर्षांची. तिने आम्हाला भडाभडा चटईवर ओतले. समोर खुर्चीत एक म्हातारा बसला होता. मी त्याला चेहऱ्यावरून ओळखले नाही. अंगठ्यावरून ओळखले.

तो अंगठा आता मांडीवर नुसता पडून होता. अर्धांगवायूच्या झटक्यातून गवंड्याचे पाय सावरले होते, पण उजव्या हातातला जोर गेला होता. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो आजोबांनी डाव्या हाताने कोपऱ्यात भिरकावला होता. "चेंडू दाबून कधी भिंत उभी राहते का?" असे त्यांचे म्हणणे. त्यांची थापी, जिने त्यांनी जन्मभर सिमेंट लावले, ती समोर खिळ्याला लटकत होती. ते तिच्याकडे बघायचे टाळत.

"आजोबा, मला ड्रॅगनचा किल्ला बांधून द्या," नात म्हणाली.

"या हातानं आता काय होणार, बाळा?"

"बरं, मग मी बांधते. तुम्ही चुका काढा."

चुका काढायला मात्र ते लगेच तयार झाले. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हते.

नातीने ठोकळ्यावर नेमका ठोकळा ठेवत उंचच उंच बुरूज चढवला आणि वर ड्रॅगन बसवला. बुरूज मधोमध उभा फाटला. शिलेदार खंदकात पडले आणि चेटकीण पलंगाखाली गेली.

"सांध्यावर सांधा आला की भिंत गेलीच म्हणून समज," आजोबा म्हणाले. "वरच्या विटेनं खालच्या दोघींच्या खांद्यावर बसायचं असतं."

"दाखवा ना मग."

त्यांनी डावा हात पुढे केला. नातीने ठोकळा मागे घेतला. "डावा नाही चालणार. कामावर उजवा लागतो."

"तू मुकादम कधीपासून झालीस गं?"

"आत्तापासून."

त्या दिवशी आजोबांनी उजव्या हाताने एकच ठोकळा बसवला. तो तीनदा खाली पडला, चौथ्यांदा तिरका बसला आणि त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी दोन बसले. पंधरा दिवसांनी एक थर झाला. मुकादम रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी थर मोजी. दोन महिन्यांत तट उभा राहिला, सांध्यावर सांधा न येऊ देता, अगदी ओळंब्यात, सरळ. आजोबांचा आवाजही बदलला होता. "या ड्रॅगनची चूल कुठं आहे?" त्यांनी एकदा विचारले. "आजोबा, तो तोंडातूनच आग काढतो!" "मग धुराडं तरी काढ. आतली माणसं गुदमरतील." म्हणून आमच्या किल्ल्याला धुराडे आहे. असा किल्ला कुठल्या खोक्यावर नसेल.

शेवटी राहिली ड्रॅगनची जीभ. ती लालच हवी, असा मुकादमाचा हट्ट, आणि सगळ्या ढिगाऱ्यात लाल पट्टी एकच होती. माझ्या डोक्यावरची.

त्याच दिवशी, शनिवारी, आजोबांच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. तोही गवंडी. हत्यारे नुसती पडून आहेत, नव्या पोरांना उपयोगी पडतील, उद्या येऊन नेऊ का, असे तो विचारत होता. नातीची आई, म्हणजे तीच दातवाली, फोन ठेवून वडिलांपुढे उभी राहिली. "बाबा, देऊन टाकायची का हो?" तिने हळूच विचारले. आजोबा थापीकडे पाहत राहिले. झटक्यानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिले असेल.

एवढ्यात नातीने मला तोंडाजवळ नेले.

"दात लावू नकोस!" आई ओरडली. "माझा एक गेलाय त्यात!"

"दे इकडं," आजोबा म्हणाले. "ती मीच बसवली होती. उजव्या हातानं निघाली तर थापी राहील. नाही निघाली तर उद्या तो घेऊन जाऊ दे."

त्यांनी मला डाव्या मुठीत धरले आणि उजव्या अंगठ्याचे नख पट्टीखाली घातले. नख घसरले. पुन्हा घातले, पुन्हा घसरले. आईने सुरी आणली, ती त्यांनी परत पाठवली. संध्याकाळपर्यंत अंगठा लाल झाला. पट्टी होती तिथेच होती.

रविवारी सकाळी जोडीदार रिकामी पिशवी घेऊन आला आणि दाराशीच बसला. आजोबांनी पुन्हा मला हातात घेतले.

मित्रांनो, आता मनातले सांगतो. मला त्या माणसाची फार माया आली होती. दात लागलेल्या कोपऱ्यात माझी पकड आधीच थोडी कच्ची आहे. मी जरासे अंग चोरले असते तर पट्टी सहज सुटली असती, आणि कुणाला कळलेही नसते. पण मला कळले असते. मग मला वाटते, त्या अंगठ्यालाही कळले असते. जन्मभर भिंती ठोकून पाहिलेला अंगठा तो, पोकळ काय आणि भरीव काय हे त्याला कुणी शिकवायला नको. आणि माझ्या डोक्यावर बसला होता तो त्याचाच अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा जोर. त्याला खोटे पाडणारा मी कोण? मी आठही बटणांनिशी घट्ट झालो. काढायची तर खरी काढा, म्हटले.

अंगठ्याने जोर लावला. नख वाकले. नात श्वास रोखून उभी होती. आईने तोंडावर पदर धरला. जोडीदार पिशवीची घडी घालत होता, उलगडत होता.

टक्.

पट्टी उडून थेट जोडीदाराच्या मांडीवर पडली. माझ्या चार बटणांना इतक्या वर्षांनी वारा लागला. आजोबा आपल्या अंगठ्याकडे बघत हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"म्हणजे मी मोकळ्या हातानं जायचं का?" जोडीदाराने विचारले.

"चहा घेऊन जा. आणि उद्या मला कामावर ने. बांधायला नाही रे, एवढा शहाणा आहे मी. चुका काढायला."

"आजोबा, मी पण येणार," मुकादम म्हणाली.

"शाळा आहे तुला. आधी त्या ड्रॅगनला जीभ लाव."

थापी खिळ्यालाच राहिली. ड्रॅगनला जीभ मिळाली आणि तो ती सगळ्यांना दाखवत बुरुजावर बसला आहे. लाल पट्टीची मला आठवण येते. पण मान वर केली की ती दिसते, तेवढे पुरे.

मित्रांनो, जुने ठोकळे टाकू नका, कपाटावर डांबू नका, ही विनंती तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे सांगतो. कुणी पडलेला माणूस पुन्हा उभा राहायला धडपडत असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला धीर द्या, त्याचे थर मोजा. पण त्याची कीव करून ढिले पडू नका.

मी सध्या किल्ल्याच्या दरवाजापाशी, अगदी पायाच्या थरात आहे. माझ्या उघड्या चार बटणांवर आजोबांनी काल एक नवा ठोकळा ठेवला आणि उजव्या अंगठ्याने दाबला. तो काही आता निघत नाही. हवे तर येऊन बघा. फक्त दात लावू नका.