काळ्या फितीची फांदी

ज्या घरात माणूस गेलं, त्या घराने वर्षभर फांदी लावू नये, असं मिलेना आत्याचं मत. पण वडिलांच्या हातची शेवटची तेरान तळघरात होती आणि ही लाल वाइन कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. उन्हाळा लागला की तिची चव उतरते. चौकात आयव्हीची हिरवी फांदी टांगली की घरची वाइन विकायला काढली, हे आमच्या कार्स्टच्या खडकाळ पठारावरच्या गावांत कुणाला सांगावं लागत नाही.

"लावायचीच असेल तर काळी फीत तरी बांध," आत्या म्हणाली. "घराला लाज आहे हे दिसू दे."

मी बांधली. भांडायची ताकद नव्हती.

अंगणात बाकं मांडली, अंडी उकडली, हॅम कापून ठेवलं. कुणी आलं नाही. आले फक्त लुडविककाका. वडिलांचे चुलतभाऊ, आणि मळ्याच्या बांधावरून वडिलांशी आयुष्यभर भांडलेले. ते तुतीखाली वडिलांच्याच जागेवर बसले.

"आंबट आहे."

"तेरान आंबटच असते, काका."

"ही तुझ्या बापाची, स्रेचकोची आंबट नाही. ही पुस्तकं वाचणाऱ्या पोरीची आंबट आहे. लोकांना कळतं बरं. म्हणून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. सगळं पिंप मला दे, व्हिनेगर तरी होईल."

दुसऱ्या दिवशीही तेच. ते आले, प्यायले, भाव आणखी पाडला. मला एवढंच हवं होतं, की वडिलांची वाइन माणसांनी प्यावी, तिचं व्हिनेगर होऊ नये. लहानपणी मी त्यांच्याबरोबर ग्लास भरायची. नवखं गिऱ्हाईक पहिला घोट घेई, त्याचं तोंड सुरकुतून जाई, आणि तरी ग्लास पुन्हा पुढे येई. हसू लपवायला वडील तेव्हा पाठ फिरवत. या धंद्यातलं सुख म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं सोडा मागणारे, साखर मागणारे आणि लुडविककाका.

तिसऱ्या सकाळी पाव आणायला चौकात गेले. फांदीखाली कबरीवर लावतात तसे लाल काचेचे दिवे ओळीने जळत होते. शेवंतीची फुलं होती. कुणीतरी कापडी अस्वल ठेवलं होतं. त्रिएस्ते शहराकडून आलेली एक गाडी हळू झाली, आतल्या बाईने छातीवर क्रूस काढला आणि गाडी निघून गेली.

काळी फीत बघून लोकांना वाटलं होतं, इथे अपघातात कुणी मेलंय. बहुधा लेकरू.

मी फीत कापली. दिवे टोपलीत भरून घरी आणले आणि काकांच्या ग्लासाशेजारी ठेवले.

"रोज याच चौकातून येता. सांगावंसं वाटलं नाही?"

त्यांनी घोट घेतला. "त्यातला एक माझा आहे. तो मोठा."

"तुम्ही लावलात?"

"स्रेचकोसाठी. तू कुठे धड रडलीस? माती वाळली नाही तोवर दुकान मांडलंस. कुणी तरी लावायला नको?"

"आणि पिंपाचा भाव?"

"तो वेगळा विषय आहे."

"दिवा उचला, काका, आणि उठा."

ते उठले नाहीत. दुपारी फाटकाशी गाडी थांबली. शहरी जोडपं होतं. आत येता येताच पुरुषाने विचारलं, "पांढरी नाही?"

"नाही."

"आंबट आहे बरं का!" काका बाकावरून ओरडले. "पोटाला जपा!"

मी ग्लास भरला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले. तोंड असं आवळलं की बायको घाबरून त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने ग्लास पुढे सरकवला.

मी पाठ फिरवली.

वळले तेव्हा काकांनीही आपला रिकामा ग्लास पुढे धरला होता.

"संपली," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच त्या माणसाचा ग्लास काठोकाठ भरला.