शिंप्याचं रडणारं मशीन

सालातिगा शहरातल्या त्या गल्लीत दुपारपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. न्गादिमान शिंप्याला जाऊन सात दिवस झाले होते, आणि त्याचं शिलाई मशीन रडतं ही बातमी पार बाजारापर्यंत गेली होती. ते रडणं खरोखर ऐकणारे असतील सात-आठ जण, पण ऐकल्याचं सांगणारे तीनशे. पाखराच्या पिल्लासारखा बारीक आवाज तीनदा यायचा आणि थांबायचा.

आत्मा मशीनला चिकटलाय, असं म्बाह क्रोमोंनी ऐकल्याऐकल्या सांगून टाकलं होतं. म्बाह म्हणजे आजोबा. कुणाचं काही हरवलं, कुणाला झपाटलं की या आजोबांना बोलावणं जायचं. न्गादिमानने जन्मात धूर काढला नव्हता, पण त्याच्या आत्म्याला आता रोज लवंगेची सिगारेट आणि कडू कॉफी लागायची, आणि तीही आजोबांच्याच तोंडून. मेल्यावर माणूस बदलतो, असं आजोबांचं म्हणणं.

गेले तीन दिवस मात्र मशीन गप्प होतं. गप्प झालं तर लोकांनी घरी जावं की नाही? पण आजोबा पक्के होते. मीच मंत्राने त्याला आत कोंडलाय, म्हणाले, आता मशीन माझ्या घरी पोचवा, नाहीतर चाळिसाव्या दिवशी तो बाहेर पडेल आणि पोरीच्या अंगात शिरेल. पोरीचं नाव काढल्यावर कुठली आई नाही म्हणेल? न्गादिमानच्या बायकोने, बू वार्सिनीने, मान डोलावली. नवरा गेला, आता दहा वर्षांच्या राहायूचं पोट त्या मशीनवरच होतं, आणि तेच न्यायला हातगाडी दारात उभी होती.

शेजारच्या घरात, भिंतीच्या पलीकडे, हांदोयो गुरुजी पडद्याआडून हे सगळं बघत होते. आत्मा कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तो पांढऱ्या डबीत होता, आणि डबी त्यांची स्वतःची होती.

झालं होतं ते असं. न्गादिमानच्या मशीनची खडखड दिवसभर भिंतीतून यायची आणि गुरुजींना वह्या तपासणं नकोसं व्हायचं. म्हणून त्यांनी इअरबड्स घेतले, बाहेरचा आवाज मारणारे. कानात घातले, बटण दाबलं, की मशीन गायब, गल्ली गायब, वर एखादं गाणं लावलं की जगच गायब. गुरुजी खूश. माणूस मेल्यावर पहिले सात दिवस संध्याकाळी सगळे शेजारी त्याच्या घरी चटईवर बसून प्रार्थना म्हणतात, तसे तेही पहिल्या संध्याकाळी गेले आणि नेमके मशीनशेजारी बसले. आतल्या खोलीतून वार्सिनीचं रडणं येत होतं. ते त्यांना सोसवेना. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी कानांवर ओढली, टोपीआड इअरबड्स घातले, आणि मृतासाठी ओठ हलवत राहिले. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही. घरी न्यायच्या जेवणाच्या टोपल्या वाटायला आल्या तेव्हा त्यांनी ते घाईघाईने डबीत कोंबले, आणि डबी खिशाऐवजी मशीनखालच्या चिंध्यांच्या खोक्यात गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की ते फोनवर 'शोधा' दाबायचे. जवळच आहे, असं फोन म्हणायचा. गुरुजी स्वतःच्या गाद्या उलट्यापालट्या करायचे, आणि भिंतीपलीकडे न्गादिमान रडायचा. चौथ्या दिवशी रडण्याची बातमी कानावर आली तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग शहाण्यासारखं जाऊन सांगायचं होतं. त्यांनी काय केलं, तर 'शोधा' दाबणंच बंद केलं. मशीन गप्प झालं, आणि आजोबांना आयताच मंत्र मिळाला.

का नाही सांगितलं? टोपीआडच्या चोरीची लाज होतीच. पण तिच्या मागे आणखी एक लाज दडली होती, आणि ती फार मोठी होती.

दार वाजलं. राहायू वही घेऊन उभी होती. ती त्यांच्याच वर्गात होती; वर्गातली पोरं गुरुजींना पाक गुरू म्हणायची. जे दिसेल, ऐकू येईल, ते वेळेसकट लिहून काढायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

"पाक गुरू, मी लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "बाबा शाळेच्या वेळेत एकदाही रडले नाहीत. तुम्ही घरी आलात की दहा मिनिटांनी रडायचे. मेलेल्या माणसाला शाळा सुटल्याचं कसं कळतं?"

गुरुजींनी वही पाहिली. दिवस, वेळ, किती वेळा, सगळं नीट आखलेलं. पोरीने त्यांना पकडलं होतं, आणि तिला ते अजून कळलंही नव्हतं. की कळलं होतं, कोण जाणे. त्यांनी फोन उचलला आणि तिच्यामागून बाहेर पडले.

न्गादिमानच्या पुढच्या खोलीत चौघांनी मशीन उचललं होतं. त्याला आजोबांचं पांढरं फडकं बांधून झालं होतं. गुरुजींनी ते खाली ठेवायला लावलं आणि आजोबांना विचारलं, आत्मा आता किती वेळा रडेल?

"कोंडलेला आत्मा रडत नाही," आजोबा म्हणाले.

गुरुजींनी फोनवर 'शोधा'ला बोट टेकवलं. मशीन उचललेल्या रिकाम्या जागेतून, चिंध्यांच्या खोक्यातून, बारीक आवाज आला. एका बाईने तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल घेतला. गुरुजींनी पुन्हा दाबलं, पुन्हा आवाज. मग खोक्यात हात घालून त्यांनी डबी काढली आणि सगळ्यांना दाखवली.

"आत्मा डबीत शिरलाय," आजोबा तत्काळ म्हणाले. "डबी माझ्याकडे द्या."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग गल्लीच हसली. आजोबांची सिगारेट हातातल्या हातात विझली.

गुरुजींना हसू आलं नाही. त्यांनी सांगितलं, की हरवल्यावर सापडावी म्हणून डबीच ओरडते. आतली यंत्रं बाहेरचा आवाज ऐकतात, त्याच्या बरोबर उलटा आवाज काढतात, आणि दोन्ही मिळून शांतता होते. यात जादू नाही, हे मी वर्गात शिकवतो. मी तीन दिवसांपूर्वी हे सांगू शकलो असतो.

बू वार्सिनी पुढे आली. तिने डबी हातात घेतली, उलटसुलट केली.

"हे घातलं की भिंतीवर ठोकलेलं ऐकू येतं?"

"गाणं लावलं की नाही येत."

"राहायूचे बाबा कोसळले तेव्हा मदतीला या म्हणून मी कात्रीने भिंत ठोकली होती. कितीतरी वेळ. तुम्ही म्हणालात, शाळेत होतो."

गुरुजींना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"घरात होतो," ते म्हणाले. "कानात हेच होतं. मग खोटं बोललो."

तिने मशीनवरचं पांढरं फडकं सोडलं, घडी केली आणि आजोबांच्या हातगाडीत टाकलं. गाडी रिकामीच वळली.

गुरुजी लोकांकडे वळले. "कुणी चमत्कार सांगितला की विचारा, कधी झाला, किती वेळा झाला, तेव्हा कोण कुठे होतं. म्हातारा सांगो की मास्तर सांगो, विचारा. मला कुणी उलटून विचारलं नाही, म्हणून मी सुटलो होतो."

राहायूने वही उघडली. सगळ्यांत वरची ओळ तिने कोरी ठेवली होती.

"पाक गुरू, बाबा पडले त्या दिवसाचंही लिहू?"

"लिही," गुरुजी म्हणाले. "वेळ आईला विचार. आणि मी घरात होतो, तेही लिही."